हौदाभोवतीचं कडं

७ नोव्हेंबर

आज पुन्हा नाही प्यायल्या!

गाई येतात हौदाकडे. पण हौदापर्यंत नाही — अलीकडेच थांबतात. माना लांब करतात, नाकपुड्या फुगवतात, पाण्याचा वास घेतात आणि मागे सरतात. जिभा कोरड्या. सकाळी फोरोमामाच्या पाळीला घटाघटा पितात म्हणे. दुपारी मी आलो की हे असं.

मामा म्हणाला, "तुझं थोबाड बघून तहान मरत असेल बिचाऱ्यांची."

हसला. मीही हसलो. खोलीवर येऊन बूट काढले आणि तसाच बसून राहिलो. जेवण केलं नाही.

९ नोव्हेंबर

दूध काढताना लाथा मारतात. पाय आपटतात. पूर्वी नव्हत्या अशा. पिंता सुद्धा! पिंता म्हणजे कपाळावर तपकिरी डाग असलेली — मी आल्यापासून माझा कोपर चाटणारी. तिनेही आज पाय उचलला.

गार पाणी बाधतंय म्हणावं तर मी ते कोमट करून देतो. ऑक्टोबरच्या शेवटी हौदावर पहिला बर्फाचा पापुद्रा दिसला, तेव्हा शेडमध्ये शोधून पाण्यात सोडायचा जुना हीटर काढला. वायर सोललेली होती, तिला पट्टी गुंडाळली. रोज आल्या आल्या तो लावतो. रात्रभर चालतो. पहाटे मामा येऊन उपटतो आणि माझ्या नावाने ओरडतो — "गाईंना काय आंघोळ घालायचीय? मालकाने विजेचं बिल बघितलं तर तुलाच हौदात बुडवेल!"

मामाला दया नाही. इथे विस्कॉन्सिनात वीस वर्षं गाई पिळून पिळून माणूस असा होतो. तरी त्याच्याच पाळीला पितात.

१० नोव्हेंबर, रविवार

घरून बायकोचा, अमालियाचा व्हिडिओ कॉल. नेहमीसारखा टेबलावर उलटा ठेवला आणि टेबलाशी बोललो.

"एकदा बघ ना रे, नेमे. तुझ्यासारखं नाक आहे."

"नको."

"अरे, तुझीच पोरगी आहे ती!"

"म्हणूनच नको."

मागून सासूचा आवाज — "बघू नको म्हणावं त्याला! बारशाच्या आधी तर नाहीच नाही!" आमच्याकडे बारसं म्हणजे चर्चमध्ये डोक्यावर पाणी घालतात ते. बारा डिसेंबरला ठरलंय.

सासूचं चुकलं असं मला म्हणवत नाही. माझं रक्त जड आहे. गावात सगळ्यांना ठाऊक आहे. लहानपणी कोंबडीचं पिल्लू हातात घेतलं की संध्याकाळी आडवं. शेजाऱ्यांची डुकरीण व्याली तेव्हा मायनं मला दोन दिवस घरातून बाहेर सोडलं नव्हतं. "तुझी नजर जड आहे बाळा, तुझा दोष नाही," म्हणायची. दोष नाही! आणि मग माझा मुलगा झाला. पहिला. सगळे नको नको म्हणत असताना मी त्याला उराशी धरला, रात्रभर बघत बसलो. आठवड्याच्या आत तापाने गेला.

त्यानंतर मी घरात टिकलो नाही. फ्लोरिडात टोमॅटो, जॉर्जियात कोंबड्यांचा कारखाना (तिथे त्या मरायलाच यायच्या, म्हणून बरं वाटायचं), मग इथे. मध्ये एकदा वर्षभर घरी गेलो, त्यातून ही पोरगी. ती पोटात असतानाच निघून आलो. लांब राहिलो तर जगेल.

१३ नोव्हेंबर

मालक गोठ्यात आला. व्हर्लिन झास्ट्रो — दरवाजाएवढा माणूस, बोलतो चार शब्द. आज सहा-सात बोलला. मामाने भाषांतर केलं, माझ्याकडे न बघता.

"मालक म्हणतो, तू गाईंना मारतोस का?"

"मी? मारतो?"

"ओरडू नको. मालक म्हणतो, तुझ्या वेळेलाच बुजतात. माझ्या वेळेला नाही. मारल्याशिवाय गाय अशी बुजत नाही."

"मामा, तू सांग ना त्यांना!"

"सांगितलं. म्हटलं, हा माशी मारत नाही. तो म्हणाला, माश्यांचं दूध मी विकत नाही."

मारत नाही, हे खरं. पण माझ्यामुळे बुजतात, हेही खरंच आहे! मारत असतो तर बरं — थांबवता आलं असतं.

१६ नोव्हेंबर

पिंताच्या कासेत दूध राहिलं नाही, नुसतं सकाळचं पाणी तिला पुरत नाही. डोळे आत गेलेत. आज बादलीतून पाणी नेलं तिच्यासाठी — हौदाचंच, वाहून, गोठ्याच्या टोकाला. बादली एका दमात संपवली! दुसरी नेली, तीही. मग मी तिच्या शेजारी बसलो, आणि लक्षात आलं की मी तिच्याकडे टक लावून बघतोय. उठलो. पळालोच.

१९ नोव्हेंबर

बघायचं नाही असं ठरवलंय. खाली मान घालून दूध काढतो. लाथा तशाच.

२३ नोव्हेंबर

हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. सकाळपासून रानात बार. गावातले सगळे नारिंगी टोप्या घालून हिंडतायत, मालक सुद्धा. पण रानात जायच्या आधी त्याने एक काम उरकलं. ट्रेलर बोलावला आणि पिंताला चढवलं.

चढेना. पाय पसरून उभी राहिली. ट्रेलरवाला म्हणाला, याला बोलवा, ही याची लाडकी दिसते. मला! मी आलो तर ती चढली. माझ्या मागे. फळीवरून सरळ आत.

कत्तलखान्यात कोमट पाणी लागत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

फोन वाजत राहिला. उचलला नाही.

२८ नोव्हेंबर

आज त्यांच्या सणाचा दिवस आहे, मालकाकडे पाहुणे आहेत, अंगणात गाड्या. मामा दुपारी झोपला. मी हौदाशी एकटा.

आज नीट पाहिलं त्यांच्याकडे — गुपचूप, डोळ्यांच्या कोपऱ्यातून. मालकाच्या बायकोने जेवायला पाहुणे नेमून बसवावेत तशा अर्धगोलात उभ्या होत्या सगळ्या. एकसारख्या अंतरावर. ज्या जरा पुढे आल्या त्या आडव्या, अंग हौदाला समांतर. समोरासमोर तोंड करून एकही नाही. हौदाभोवती चिखल तुडवून तुडवून एक वाकडं कडं पडलंय. त्याच्या आतला चिखल गुळगुळीत, कुणी पाऊल टाकलेलं नाही.

मी आत गेलो. हौदाजवळ. गुडघे टेकले. पँट गुडघ्यावर फाटलेली, चिखल थेट कातडीला लागला. हातमोजा काढला, पाण्यात हात घातला. म्हणालो, देवा, यांना पिऊ दे. माझं काय करायचं ते कर.

हाताला मुंग्या आल्या! नुसत्या आल्या नाहीत — पाण्यातून चढल्या. मनगटातून वर. हात काढला, थांबल्या. घातला, पुन्हा. मग उभा राहिलो, बुटांवर, आणि हात घातला — काही नाही. गार-कोमट साधं पाणी. पुन्हा गुडघे टेकले — मुंग्या!

म्हणजे उभा राहिलो तर काही नाही. प्रार्थनेला वाकलो की पाणी चावतं. याहून स्पष्ट काय सांगायचं असतं देवाने?

मामाला सांगितलं नाही. कुणालाच सांगणार नाही.

३० नोव्हेंबर

ठरलं. पगार झाला की निघायचं. मिशिगनकडे दगडाच्या खाणी आहेत म्हणतात. दगड मरत नाही.

१ डिसेंबर, रविवार

फोन उचलला, उलटा ठेवला. अमालियाला सांगितलं की मी आणखी लांब जातोय आणि पैसे मामाच्या हस्ते येतील. मागे पोरीचा आवाज येत होता — रडणं नाही, काहीतरी गुरगुर.

"आणखी लांब म्हणजे किती लांब?" अमालिया म्हणाली. "चंद्रावर जातोस का?"

"तिला नजर लागणार नाही इतकं."

"नेमे, तू मूर्ख आहेस," म्हणाली आणि ठेवला.

३ डिसेंबर

आज काय झालं!

हौदाची पाणी भरायची तोटी अडकली होती. मालक दुरुस्त करायला आला. चिखलात बसला, एक गुडघा टेकून. हातमोजा काढला, दंडापर्यंत हात आत घातला —

आणि उडाला! दरवाजाएवढा माणूस, एका पायावर, हात झटकत, चिखलात नाचतोय! जे शब्द बोलला ते मला कळतात, इथे आल्यावर तेच आधी शिकलो.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मामाकडे धावलो. "मामा! मालकाचंही रक्त जड आहे!"

"काय?"

तेव्हा सगळं सांगितलं. मुंग्या, गुडघे, देव. मामा आधी हसायला लागला. मग माझं तोंड बघून थांबला. टोपी काढून डोकं खाजवलं.

"गाढवा," म्हणाला, हळू आवाजात. "करंट आहे तो."

"करंटचा झटका मला माहीत आहे. तो असा नसतो."

"थोडा असला की असाच असतो. आणि हे रबरी बूट कशाला आहेत पायात? आपल्याला कसं कळणार? गाईंना कोण घालतंय बूट?"

मालकाने वीजवाल्या बाईला फोन केला. ती म्हणाली, मी येईपर्यंत कशाला हात लावू नका.

४ डिसेंबर

वीजवाली ट्रुडी आली. मामाच्या वयाची, वेणी घातलेली, शिवराळ. मालकाला म्हणाली (मामाने सांगितलं), "व्हर्लिन, तुला नाचता येतं हे लग्नात का नाही दाखवलंस?"

तिने लांब कुंपणापाशी एक लोखंडी सळई जमिनीत ठोकली. तिला वायर, वायर मीटरला. मीटरची दुसरी वायर दुसऱ्या टोकदार सळईला. ती सळई घेऊन हौदाकडे चालायला लागली, जमिनीत टोचत, आकडा बघत. हीटर चालूच ठेवायला लावला. मला हाक मारली, गोठ्यात टाकतो त्या चुन्याची बादली आण म्हणाली.

"मी टोचते. बोट दाखवलं की तिथे चिमूट टाक."

हौदापासून एका पावलावर बारा व्होल्ट. दोन पावलांवर सहा. चार पावलांवर तीन. मी मामाकडे पाहिलं. मामा म्हणाला, "माझ्याकडे काय बघतोस, आकडे तिचे आहेत."

मग तिने तीनचा आकडा धरला आणि तो सोडायचाच नाही अशी हौदाभोवती फिरली. जरा आत टोचलं तर चार, बाहेर टोचलं तर दोन. तीन मिळाला की बोट. मी चिमूट. तीन, चिमूट. तीन, चिमूट. फिरून जिथे सुरू केलं तिथेच आलो. मागे वळून पाहिलं — चिखलावर पांढरं कडं!

मग सहाचं. आत, लहान. मग बाराचं, त्याच्या आत. गोठ्याच्या बाजूला जरा फुगलेली, कारण तिकडे लोखंडी नळ पुरलेला आहे. मामा म्हणाला, "नेमेच्या हातच्या तोर्तिया-भाकरीसारखी झालीत. एक गोल नाही."

पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. तीनचं पांढरं कडं आणि गाईंनी तुडवलेलं कडं — एकावर एक होतं. त्यांनी मीटरशिवाय काढलं होतं.

ट्रुडी मला काहीतरी सांगत होती, हात हलवत. मामा भाषांतर करत करत अडखळला.

"ती म्हणते, इथे डोंगर आहे."

"कुठे?"

"इथेच. दिसत नाही तो. हौदाचा नळ जमिनीत जातो ना, ते शिखर. वीज तिथून सुटते आणि चारी बाजूंना पसरते. विजेचा दाब शिखरावर सगळ्यात जास्त. लांब जाल तसा उतरत जातो. जवळ उभी चढण, लांब नुसता उतार. आणि तू टाकलास तो चुना म्हणजे — थांब, विचारतो. हां. एका कड्यावर सगळीकडे उंची तीच."

मला कळलं. एकदम! आमच्या गावात, सोंगोलिकात, शाळेला दोन वाटा होत्या. एक डोंगराला वळसा घालून जायची — ना चढ ना उतार, कितीही चाला, दम लागत नाही. दुसरी सरळ वर. दोन्ही पाय एकाच कड्यावर असले तर वीज कुठून कुठे जाणार? गाय आडवी उभी राहिली की तिचे चारही पाय वळशाच्या वाटेवर. हौदाकडे तोंड केलं की पुढचे पाय वर, मागचे खाली — आणि तेवढी उंची तिच्या पोटातून खाली उतरते. पाण्याला नाक लावलं तर शिखरालाच लावलं!

हे मी मामाला सांगितलं, मामाने ट्रुडीला. तिने माझ्या पाठीवर थाप मारली. क्षणभर — खरंच क्षणभरच — मी खूश होतो.

मग ती वायर चाचपत निघाली. शेडमध्ये. पट्टी गुंडाळलेल्या जागेवर बोट ठेवलं. प्लग उपटला, उलटा केला. तीन बोटांचा प्लग, तिसरं बोट तुटलेलं. जमिनीचं, अर्थिंगचं. ते असतं तर म्हणे पहिल्याच दिवशी फ्यूज उडाला असता, आणि गोष्ट तिथेच संपली असती. मीटरवर शून्य आलं. अंगणातला डोंगर गेला. नुसता चुना उरला.

तिने काहीतरी विचारलं. मामाने भाषांतर केलं नाही. गरजच नव्हती.

"मी," मी म्हणालो. "मी लावायचो. मीच पट्टी गुंडाळली."

मालकाने तिच्या हातातून प्लग घेतला, अंगठा त्या तुटक्या जागेवरून फिरवला. मग मामाला म्हणाला, याला सांग. मामाने सांगितलं —

"तिसरं बोट मालकाने तोडलं होतं. पक्कडीने. जुन्या बोर्डाला दोनच भोकं होती म्हणे."

मालक माझ्याकडे बघत नव्हता. ट्रुडीला म्हणाला, "हा मारत नाही गाईंना." जसं काही तिने तसं म्हटलं होतं.

५ डिसेंबर

प्यायल्या. सगळ्या. शेवटचीला शिंगं असती तर हौदच उचलून घेऊन गेली असती. मी कुंपणावर बसून पाहिलं, उघड्या डोळ्यांनी.

खोलीच्या पायरीवर कागदात गुंडाळलेलं हरणाच्या मांसाचं सॉसेज होतं. मालकाने ठेवलेलं. मामा म्हणाला, यालाच इथे माफी म्हणतात, खाऊन टाक.

खाल्लं. गिळताना पिंता आठवली. ती तहानेने गेली, आणि तहान मी दिली — दया म्हणून! रोज दुपारी, आठवणीने. बादलीतून पाणी प्यायली तेव्हा तरी कळायला हवं होतं. तेच पाणी. बादलीत डोंगर नव्हता.

७ डिसेंबर

मामा म्हणतो, आता तरी ते जड रक्ताचं खूळ काढ डोक्यातून. वायर होती, संपलं.

इथे होती. पण माझ्या मुलाच्या वेळी कुठली वायर होती? घरात तेव्हा एक दिवा होता, तोही विझवलेला. तिथे ट्रुडीने काय टोचलं असतं? कुठला आकडा आला असता? मामाला विचारलं. तो उठून बाहेर गेला.

त्या शिखरापासून किती लांब गेलं की शून्य येतं, असं मी ट्रुडीला विचारलं होतं. ती म्हणाली, पुरतं शून्य कधीच येत नाही. कमी कमी होत जातं, एवढंच. मग मिशिगन तरी काय करणार?

८ डिसेंबर, रविवार

वाजला. उचलला नाही. पुन्हा वाजला.

१२ डिसेंबर

तिकडे आज बारसं. मार्सेलिना नाव ठेवलं असेल. माझ्या मायचं. मामाने मेणबत्ती लावली, मी लावली नाही. जायची पिशवी भरली.

१५ डिसेंबर, रविवार

निघायच्या आधी शेवटचा म्हणून उचलला. उलटा ठेवला.

अमालिया म्हणाली, ऐक आणि मध्ये बोलू नको. पाळणा टांगलाय त्या तुळईच्या खालच्या बाजूला तिने माझा फोटो चिकटवलाय. मतदार कार्डाचा, डोळे वटारलेला. पोर जन्मली त्या दिवशीच. सासूची मान आखडलेली, वर होत नाही, म्हणून तिला पत्ता नाही. पोर दिवसभर उताणी पडून मलाच बघते, मी तिला बघतो, रात्रंदिवस, एवढे दोन महिने. "आणि अशी गलेलठ्ठ झालीय, नेमे, की पाळण्याचा दोर बदलावा लागला."

फोन सरळ केला.

जांभई देत होती.